आभाळाचा खुंट

९ ऑक्टोबर २००३, गुरुवार

आमचं साप्ताहिक बंद पडून महिना होत आला, तरी बुधवारची संध्याकाळ आली की हात शिवशिवतात. बुधवारी अंक छपाईला जायचा. काल सात वाजले आणि मला संपवायला काहीच नव्हतं. म्हणून आजपासून हे लिहिते. इथे संपादक नाही, रकान्याची लांबी नाही, आणि बातमीत आपलं नाव चुकलं म्हणून उद्या कुणाचा फोन येणार नाही.

निकेतच्या सायबर कॅफेत कामाला लागून पंधरवडा झाला. जागा अलिबागच्या एसटी स्टँडजवळ, पहिल्या मजल्यावर. गिऱ्हाइकाचं नाव लिहून घ्यायचं, वेळ लावायची, प्रिंट काढून द्यायच्या. निकेत मला ‘पत्रकारबाई’ म्हणतो. मी त्याला अहोजाहो करते, कारण तो मालक आहे, आणि त्याला ते आवडत नाही हे मला दिसतं.

आज एक गोष्ट घडली. किहीमच्या बंगल्यात उतरलेला एक पाहुणा तीन नंबरच्या मशीनवर बसला होता. तो पान उघडंच ठेवून गेला. बंद करायला गेले तर समोर रेल्वेचा पूल, आणि पुलावरून इंजिनाएवढी चिंबोरी चाललेली. क्षणभर खरंच वाटलं. मग खोटं कुठे आहे ते शोधायला लागले आणि सापडेना. चिंबोरीच्या पायांच्या सावल्या रुळांवर पडल्या होत्या, आणि रूळ जिथे वळतो तिथे सावलीही वळली होती. कुणीतरी हे बसून केलं आहे, कुणी सांगितलं नसताना. खाली जगभरचे लोक वाद घालत होते, की डाव्या नांगीचं प्रतिबिंब पाण्यात दिसायला हवं की नको. इतक्या प्रेमाने घातलेला वाद मी आमच्या कचेरीत कधी ऐकला नव्हता.

त्या जागेचं नाव ग्लूपॉट. म्हणजे डिंकाची बाटली. साप्ताहिकात मजकुराचे तुकडे पानावर चिकटवायला माझ्या टेबलावर तसलीच बाटली असायची.

१४ ऑक्टोबर

ग्लूपॉटवर नाव नोंदवलं. खरं नाव कुणीच लावत नाही, म्हणून मी ‘सुकट’ लावलं. लगेच कॅनडातल्या एकाने विचारलं, सुकट म्हणजे काय? तो गोदामात माल उचलायचं यंत्र चालवतो आणि त्याचं नावही तेच आहे, फोर्कलिफ्ट. मी लिहिलं, वाळवलेली बारीक कोळंबी, वास शेजारच्या गावापर्यंत जातो. त्याने लिहिलं, स्वागत आहे, आमच्याकडे वास न येणारे लोक फार झाले होते.

दर सोमवारी विषय देतात, त्यावर कॉम्प्युटरवर फोटो जोडून चित्र करायचं, रविवारी मतं पडतात. बक्षीस काही नाही. म्हणजे एक आहे, पण ते वर्षातून एकदाच मिळतं. ते म्हणजे दहा जाणत्यांच्या मंडळात जागा, आणि त्या मंडळाला सगळे ‘बाक’ म्हणतात. बाकावरचे लोक आपल्या चित्रांच्या मूळ फायली एकमेकांसमोर उघडतात, थरावर थर, काहीही न लपवता. बाहेरच्यांना फक्त वरचं चित्र दिसतं.

त्या चिंबोरीचे थर मला पाहायचे आहेत.

२१ ऑक्टोबर

पहिलं चित्र टाकलं. बाबांची होडी खांदेरीच्या किल्ल्यावरून उडत चालली आहे. फोटो निकेतच्या भावाने कुवेतहून आणलेल्या कॅमेऱ्यावर काढले. मला वाटलं होतं बरं जमलंय.

हेरॉन नावाच्या माणसाने उत्तर दिलं. चिंबोरी त्याचीच. हेरॉन म्हणजे बगळा, आणि टीकाही बगळ्यासारखी. बराच वेळ गप्प, मग एकदम चोच. त्याने लिहिलं, ‘होडीवर दुपार आहे, किल्ल्यावर संध्याकाळ. सूर्य कुठे आहे ते आधी ठरव. होडी नंतर उडव.’

घरी थळला येताना मिनिडोर रिक्षामध्ये सगळ्यांच्या नाकांच्या सावल्या बघत होते. माझ्यासमोरच्या बाईने शेवटी पदर पुढे ओढून घेतला.

१२ नोव्हेंबर

बगळेबुवांनी अभ्यास दिला आहे. एक गोल वस्तू घ्यायची, एकाच जागी ठेवायची, दिवसभर तिचे फोटो काढायचे. ते म्हणाले अंडं घे. आमच्याकडे अंड्यापेक्षा बोया सोपा, जाळं तरंगत ठेवणारा गोळा. ओट्यावर ठेवला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून फोटो काढत बसले. पांढऱ्या बोयाच्या सावलीकडच्या बाजूला ओट्याच्या लाद्यांचा लाल रंग चढतो, हे मला जन्मात माहीत नव्हतं. वस्तू शेजारच्या वस्तूचा रंग घेते. हेरॉनने लिहिलं, ‘आता तू बघायला लागलीस.’ पाठोपाठ पानभर दोष. इतरांना तो दोन ओळी लिहितो. माझ्याशीच काय वाकडं आहे, देव जाणे.

आईचं म्हणणं वेगळं होतं. ती ओट्यावर सुकट पाखडत होती. “बोयाचं इतकं फोटू,” ती म्हणाली, “आनि लग्नाला दावायला तुजा एक धड फोटू न्हाय.”

बाबांना हा सगळा पोरखेळ वाटतो. जेवताना फक्त एवढं विचारलं, की त्या बगळ्याची सोताची होरी हाय का. मी म्हटलं, माहीत नाही. भात कालवता कालवता म्हणाले, इचार.

दुसऱ्या दिवशी बोया धुऊन ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेला दिसला. कशाला धुतला कोण जाणे. पाण्यातच तर जायचाय.

५ डिसेंबर

हेरॉनची होडी आहे. नॉर्वेत, लाकडी, वल्ह्याची. तो छापखान्यात होता, निवृत्त झाला. मी त्याला ‘सर’ लिहायचे. इथे सर कुणी नाही, असं त्याने एकदा बजावलं. आता पत्रात हेरॉन लिहिते आणि मनात बगळेबुवा म्हणते.

बाबांना होडीचं सांगितलं. म्हणाले, मंग बरा मानूस असंल.

तीन नंबरचं मशीन हल्ली दुपारी दोननंतर बंद पडू लागलं आहे. म्हणजे निकेत त्यावर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवतो. मी बसते तेव्हा मात्र ते नीट चालतं. त्याला दोनदा सांगितलं की दुरुस्तीवाल्याला बोलवा, गिऱ्हाईक परत जातं. तो म्हणाला, बघू. धंद्यात इतका निष्काळजी माणूस मी पाहिला नाही.

१९ जानेवारी २००४, सोमवार

मागच्या आठवड्यात माझं चित्र तिसरं आलं. विषय ‘वजन’ होता. मी वजनकाट्याच्या एका पारड्यात पापलेट आणि दुसऱ्यात आमच्या शाळेची इमारत ठेवली, आणि पापलेटाचं पारडं खाली. फोर्कलिफ्टने लिहिलं, मासळी ताजी असेल तर बरोबर आहे.

पण खरी बातमी वेगळीच. बाकावरची एक जागा मार्चमध्ये रिकामी होते आहे. नावं सुचवायला सांगितली, आणि हेरॉनने माझं सुचवलं. एका ओळीत. ‘सुकट चुका लवकर दुरुस्त करते.’ मी ती ओळ इतक्यांदा वाचली, की निकेतने विचारलं, नोकरीचा कॉल आलाय का?

नोकरीपेक्षा मोठं आहे हे. साप्ताहिकात माझ्या मजकुराला कुणी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. जागा भरली की काम झालं. इथे कुणीतरी नॉर्वेत बसून माझ्या पापलेटाच्या शेपटीची कड तपासतो. मला तिथे, त्या बाकावर, बसायचं आहे. दुसरं काही इतकं हवंसं वाटल्याचं आठवत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पहिली आले.

काय केलं ते लिहून ठेवते. आमच्या किनाऱ्यावरचे बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव. बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगतात, तशा लांबच लांब रांगा. माझ्या चित्रात मांडव वर वर चढत जातो, आणि बोंबील हळूहळू ढग होतात. कुठे मासा संपतो आणि कुठे ढग सुरू होतो ते सांगता येऊ नये, एवढाच माझा हट्ट होता. हेरॉनने शिकवलेलं सगळं त्यात आहे. बोंबलांच्या पोटावर ढगाचा करडा रंग चढवला आहे, बोयाला लाद्यांचा चढला होता तसा.

अडचण एकच होती. फेब्रुवारीत आमचं आभाळ म्हणजे घासलेली परात. त्यात ढग कुठला? इंटरनेटवर शोधलं, तर एक सुंदर आभाळ सापडलं. काळंभोर, आणि कडेला चंदेरी. ते घेतलं. आभाळच ते.

फोर्कलिफ्टने लिहिलं, हे पाहून मी दुपारचं जेवण विसरलो. हेरॉनने दोषच काढले नाहीत. हे पहिल्यांदा.

२० फेब्रुवारी

वाईट झालं.

इल्झे नावाच्या बाईने ग्लूपॉटवर लिहिलं, ‘हे आभाळ माझं आहे.’ ती हॉलंडची. सोबत तिने मूळ फोटो लावला. तोच. ढगाच्या कडेला एक पक्षी होता, तो मी पुसायला विसरले होते.

ग्लूपॉटचा नियम आहे. चित्रातला प्रत्येक तुकडा स्वतः काढलेला हवा, नाहीतर मालकाला विचारून घेतलेला. नियम मी वाचला होता. पण तो माणसांबद्दल, घरांबद्दल, वस्तूंबद्दल आहे असं समजले होते. आभाळाला मालक असेल हे डोक्यातच आलं नाही. सहा वर्षं साप्ताहिकात काढून ही माझी अक्कल.

पहिला नंबर रद्द झाला. बाकासाठी सुचवलेल्या माझ्या नावापुढे ‘थांबवले’ असं आलं. कुणी लिहिलं, चोर म्हणजे चोर. फोर्कलिफ्ट एरवी कशावरही विनोद करतो, तोही गप्प आहे. हेरॉनने दोनच शब्द लिहिले. ‘खरं आहे?’ मी उत्तर दिलं, हो, पण ते आभाळ आहे. त्यावर काही आलं नाही.

२१ फेब्रुवारी

दुपारभर बसून उत्तर तयार केलं. चांगलं झणझणीत. आभाळ कुणाच्या बापाचं असतं, ढगावर शिक्का मारता का, तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीला कुंपण लागतं, असं बरंच. इंग्रजीत इतकं सफाईने मी कधी लिहिलं नव्हतं. पाठवायला गेले तर लाइन गेलेली. निकेत टेबलाखालून वर येत म्हणाला, आज काही येणार नाही लाइन, तुम्ही घरी जा, पत्रकारबाई. पाच नंबरवरचा मुलगा क्रिकेटचा स्कोअर वाचतच होता, पण त्याने पान आधीच उघडलं असेल.

मजकूर तसाच राहिला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं नीट लिहिलं पाहिजे.

आमचं जाळं डोलीचं. समुद्रात तळाला खुंट ठोकलेले असतात, त्यांना डोल बांधायची, भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासळी आत शिरते. प्रत्येक घराचा खुंट ठरलेला. बाबांचा खुंट त्यांच्या आजोबांच्या वेळचा. पाण्यावर रेघ नाही, पाटी नाही, तरी कुणाचा खुंट कुठे हे गावात सगळ्यांना ठाऊक. हे मी लहानपणापासून ऐकत आले, जसं घरात भिंतीवर घड्याळ असतं तसं. कधी वर बघितलं नाही.

संध्याकाळी कामावरून आले तर शेजारचा धर्माकाका दारात. त्याच्याशी बाबांचं गेल्या शिमग्यापासून फारसं बोलणं नाही. हातात मांदेलीने भरलेली पाटी. ती उंबऱ्याशी ठेवली आणि म्हणाला, त्याचा खुंट मोडला, बाबा आजारी होते म्हणून दोन दिवस आमचा खुंट रिकामा होता, तर काल त्याने तिथे डोल लावली. इचाराया यायचं व्हतं, पन तुज्याशी बोलनं न्हाय, असं म्हणून तो खाली बघत उभा राहिला.

बाबा खाटेवरून उठले नाहीत. पाटीकडे बघितलं आणि मान हलवली. आईने पाटी आत नेली, अर्धी मासळी काढून घेतली, अर्धी तशीच ठेवून पाटी परत आणून दिली. वर चार कैऱ्या ठेवल्या. रिकामी पाटी परत करायची नाही, हे आमच्याकडे मुलींनाही शिकवावं लागत नाही. धर्माकाका गेला. जाताना बाबांना म्हणाला, ताप कसा हाय? बाबा म्हणाले, उतरला.

बस. एवढंच. एक वर्षाचा अबोला.

मी तिथेच बसून राहिले. बाबांनी विचारलं, काय झालं गो तुला, चार दिस तोंड उतरलंय. तेव्हा सगळं सांगितलं. आभाळ, इल्झे, बाक. त्यांना किती कळलं ठाऊक नाही. शेवटी मीच चिडून म्हटलं, की आभाळ काय कुणाच्या मालकीचं असतं का?

बाबा म्हणाले, “दर्या कोनाचा न्हाय, किशे. खुंट मानसाचा असतो.”

मग कूस बदलून झोपले.

२५ फेब्रुवारी

तो झणझणीत मजकूर पुसला. इल्झेला स्वतंत्र पत्र लिहिलं. खुंटाचं सांगितलं, धर्माकाकाचं सांगितलं. लिहिलं, की मी तुझ्या खुंटावर जाळं लावलं, विचारलं नाही, आणि वर मासळी मिरवली. आता पाटी घेऊन आले आहे.

पाटी म्हणजे सीडीभर फोटो. तीन महिने अभ्यासासाठी काढलेले सगळे. होडीच्या फळ्या, गंजलेल्या साखळ्या, जाळ्यांच्या गाठी, सुकटीचे ढीग, मांडव, बोया सकाळचा आणि दुपारचा. हे सगळे तिचे, कुठेही वापरायला. एकेक चढवताना लाइन दर पाच मिनिटांनी तुटत होती. निकेत आपल्या मशीनवरून अर्धे चढवत होता. त्याची लाइन मात्र आज चांगली होती.

ग्लूपॉटवर सगळ्यांसमोर लिहिलं. आभाळ इल्झेचं आहे, मी न विचारता घेतलं, नंबर रद्द झाला ते योग्य. चार ओळी. बातमीच्या भाषेत.

१ मार्च, सोमवार

इल्झेचं उत्तर आलं.

ती शाळेत भूगोल शिकवायची. ते आभाळ तिला तिसऱ्या हिवाळ्यात मिळालं. समुद्र अडवायच्या बांधावर ती रोज शाळेनंतर जायची, आणि रोज ढग यायचे, पण कडेला उजेड नसायचा. ज्या दिवशी आला त्या दिवशी तिच्या बोटांना थंडीने बटण दाबवेना, म्हणून तिने ते अंगठ्याने दाबलं. तो पक्षी होता म्हणून तिला फोटो आवडायचा.

मी तो फोटो शोधून काढला आणि चिकटवला, तेवढ्यात चहासुद्धा थंड झाला नव्हता. तीन हिवाळे.

पत्राच्या शेवटी तिने लिहिलं, ‘तुझ्या आईसारखं करते आहे. अर्धे फोटो ठेवले, अर्धे तुझ्याकडेच राहू देत. आणि पाटी रिकामी यायला नको.’ सोबत एक मोठी फाइल होती. पूर्ण आकाराचं आभाळ, पक्ष्यासकट. ‘आता विचारून घेतलंस असं समज.’

८ मार्च

होळीची गर्दी संपली. होड्यांची निशाणं अजून उतरवलेली नाहीत.

बाकाचा निकाल लागला. मी नाही. नऊ जणांची मतं नावानिशी छापतात, हे मला ठाऊक नव्हतं. पाच विरोधात. त्यात पहिलं नाव हेरॉनचं.

ज्याने माझं नाव सुचवलं त्यानेच. गिऱ्हाइकाला रंगीत प्रिंटऐवजी काळीपांढरी दिली. निकेतने ती बदलून दिली.

१० मार्च

हेरॉनचं पत्र. जसं आहे तसं उतरवते.

‘मी विरोधात मत दिलं. तू चांगलं केलंस, आणि ते चूक झाल्यावर केलंस. बाकावर बसणाऱ्याने ते आधी करायचं असतं, कारण नवे लोक त्याच्याकडे बघून शिकतात. पुढच्या वर्षी तुझं नाव मीच सुचवीन. दरम्यान, ते चित्र पुन्हा कर, स्वतःच्या आभाळाने. आणि तिसऱ्या बोंबलाच्या जबड्याची कड अजून कात्रीने कापल्यासारखी दिसते. पहिल्या दिवशीच दिसली होती. त्या दिवशी बोललो नाही, कारण चित्र मला फार आवडलं होतं. ती माझी चूक.’

आधी राग आला. मग तिसरा बोंबील मोठा करून पाहिला. खरंच कापलेला दिसतो.

मला सहा वर्षांत एक संपादक असा मिळाला असता तर.

२ एप्रिल

आभाळ अजून परातच. वाट बघणं हे काम आहे, असं इल्झे लिहिते. तिला मी ‘इल्झेमावशी’ म्हणते, मनात. फोर्कलिफ्टने माझ्या सुकटीच्या ढिगाचं वाळवंट केलं आणि त्यात उंटांची रांग सोडली. आधी विचारलं, साक्षीदारांसमोर, तीनदा. खुंटाचं माझं पत्र इल्झेने मला विचारून ग्लूपॉटवर लावलं, तेव्हापासून तिथे कुणी काही मागितलं की लिहितात, ‘पाटी घेऊन आलो आहे.’ हॉलंड, कॅनडा, नॉर्वे. आईला सांगितलं तर म्हणाली, मंग कैऱ्या कोन देतं त्यांना?

निकेतने तीन नंबरच्या मशीनवरचा ‘बंद आहे’चा कागद लॅमिनेट करून आणला. दुरुस्तीवर खर्च करायचा सोडून लॅमिनेशनवर. पुरुषांचं गणित मला कधी कळणार नाही.

२१ मे, शुक्रवार

पश्चिमेला ढग दिसायला लागले आहेत. पाऊस अजून लांब आहे. होड्या वर ओढायच्या आधी जाळी काढून आणायची म्हणून बाबा आज खुंटावर निघाले. मी किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन उभी होते. होडी ढकलता ढकलता म्हणाले, चल.

आई म्हणाली, बाया कवा जातात का खुंटावर? बाबा म्हणाले, “तिचं काम हाय तितं.”

मी आजवर खांदेरीच्या देवळापलीकडे होडीतून गेले नव्हते. बरंच आत गेल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं. चहूकडे पाणीच पाणी. मी विचारलं, खुंट कुठे आहे? ते हसले. मग माझ्या मागे उभे राहिले आणि माझं डोकं धरून वळवलं. एका बाजूला खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा तटाच्या बुरजाला चिकटला पाहिजे. दुसऱ्या बाजूला कनकेश्वरच्या डोंगराची खाच मोबाईलच्या टॉवरखाली आली पाहिजे. पूर्वी तिथे माड होता. माड पडला, मग काही वर्षं अंदाजाने, मग टॉवर आला. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे.

“हितं,” बाबा म्हणाले, आणि आकडी टाकली. दोर हाताला लागला.

रेघा जुळवणारा माणूस माझ्या घरात होता, आणि मी ते शिकायला नॉर्वेला गेले. हे हेरॉनला लिहीन. त्याला आवडेल. आणि तो शिकवत होता म्हणूनच मला आज त्या रेघा दिसल्या, हेही लिहीन.

परतायच्या वेळी ढगाची कड उजळली. इल्झेच्या आभाळासारखी नाही. तांबूस, मळकी, आमच्या पाण्याचा रंग चढलेली. होडी हलत होती. बाबांनी न सांगता वल्हं पाण्यात रोवून ती धरून ठेवली. मी बटण दाबलं. बोटाने. थंडी नव्हती.

२४ मे

चित्र पुन्हा केलं. तिसरा बोंबील नीट केला. पण ते टाकायच्या आधी नुसतं आभाळ ग्लूपॉटवर ठेवलं, आणि खाली लिहिलं, ‘थळच्या समोर, हरेश्वर यांच्या खुंटावरून. विचारून घ्यावे.’

बाबांना प्रिंट काढून दाखवली. आपलं नाव बराच वेळ बघत होते. मग ती कुठे ठेवली कोण जाणे, घरात दिसत नाही. बहुतेक हरवली. आज धर्माकाका किनाऱ्यावर मला म्हणाला, फोटू झ्याक आलाय. त्याने कुठे पाहिला?

३ जून, गुरुवार

होड्या वर ओढून झाकल्या. कॅफेत दिवसभर बारावीच्या निकालाची गर्दी. सगळी मशीन भरलेली, मुलं जिन्यावर उभी. तीन नंबर रिकामं होतं, लॅमिनेट केलेला कागद तसाच. मी तो काढला आणि एका मुलीला तिथे बसवलं. निकेत बघत राहिला. मी म्हटलं, बिघडलेलं नाहीच आहे ते, मी रोज वापरते. तो म्हणाला, हो का? मी म्हटलं, इतके महिने उगीच बंद ठेवलंत. त्याने कानामागे पेन खोचलं आणि कसलीशी प्रिंट काढायला गेला. प्रिंटरमध्ये कागद नव्हता.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर ग्लूपॉट उघडलं. चित्राखाली बरंच काही आलं होतं. त्याच्या वर एक वेगळा निरोप होता, माझ्या नावाने. हेरॉनचा.

‘सुकट, एक म्हातारा आपली होडी खडकांमधून वल्हवत घरी आणतो आहे, असं चित्र करतो आहे. आमच्याकडे या दिवसांत रात्रच होत नाही, त्यामुळे संध्याकाळचं आभाळ मिळत नाही. तुझं वापरू का?’

निरोप कागदावर उतरवून घेतला. घरी आले. बाबा ओट्यावर जाळं विणत होते, आणि तो बोया शेजारी होता. त्यांना वाचून दाखवलं, आपल्या भाषेत. बगळा आभाळ मागतोय, आपल्या खुंटावरचं, त्याच्या होडीसाठी.

बाबांनी सुई थांबवली. म्हणाले, “इचारलं ना त्यानं? मंग दे.”

मी आत वळले, तर मागून हाक आली.

“आनि पाटी रिकामी धाडू नको म्हनाव.”